वाचनालयाची वेबसाइट: काउंटरवरच्या वहीपासून सुरुवात

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची पहिली वेबसाइट उघडली की आधी सनई वाजायची. मग फोटो सरकायला लागायचे: वर्धापनदिनाचं दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पुन्हा शाल-श्रीफळ, नवं लोखंडी कपाट, त्या कपाटापुढे उभी कार्यकारिणी. खाली लाल पट्टीवर पिवळ्या अक्षरांत 'सहर्ष स्वागत' उजवीकडून डावीकडे पळत असायचं. आज वाचनालय उघडं आहे का, एवढं मात्र कुठेही नव्हतं. ते विचारायला लोक फोन करायचे आणि देवघेवीची रांग तशीच सोडून ग्रंथपालबाई फोनकडे धावायच्या.

ती साइट मोडून दुसरी बांधायचं काम माझ्याकडे आलं. कार्यकारिणीत कुणी मोबाइलचा पासवर्ड विसरलं की फोन ज्याच्याकडे सरकवतात तो मीच, एवढीच माझी पात्रता. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, अनुदान वर्गाप्रमाणे मिळतं आणि ते पगार, पुस्तकं नि वीजबिलात संपतं. म्हणजे वेबसाइटला पैसा उरतो तो चहापाण्याएवढा. पुढचं सगळं अशाच वाचनालयांना धरून लिहिलंय. मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला यातलं बरंच लागू पडेल, पण त्यांच्याकडे करून देणारी माणसं असतात.

पायरी १: दोन आठवडे वही

संगणक उघडू नका. दोनशे पानी वही घ्या, देवघेवीच्या टेबलावर ठेवा आणि येणारा प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत लिहून काढा. फोनवरचे प्रश्न वेगळ्या शाईने लिहा. दोन आठवडे पुरतात. मात्र त्यात एक रविवार आणि एक साप्ताहिक सुट्टीचा दिवस यायला हवा.

आमच्या वहीत सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न होता, 'आज चालू आहे का?' त्याच्या मागोमाग 'अमुक पुस्तक आहे का, की बाहेर गेलंय?' मग अभ्यासिकेत जागा आहे का, वर्गणी किती आणि अनामत किती, सभासद व्हायला कागद काय लागतात, पुस्तक आठवडाभर वाढवून मिळेल का. पावसाळा सरत आला होता म्हणून दिवाळी अंकांच्या योजनेची चौकशीही बरीच होती. अध्यक्षांचं मनोगत कुणी मागितलं नव्हतं. संस्थेचा इतिहास एकाने विचारला, तो पत्रकार होता.

वहीतल्या प्रश्नांचा जो क्रम, तोच मुखपृष्ठाचा क्रम. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. ग्रंथपालांच्या परीक्षेत तो सगळ्यांनी पाठ केलेला असतो, वेबसाइट करताना तेवढा आठवत नाही.

वहीचा दुसरा उपयोग शब्दांचा. सभासद 'सर्क्युलेशन' म्हणत नाहीत, 'पुस्तक बदलायचंय' म्हणतात. 'रिझर्व्हेशन' म्हणत नाहीत, 'नंबर लावा' म्हणतात. 'ओपॅक' (पुस्तकांची ऑनलाइन यादी) हा शब्द तर काउंटरच्या आतल्या बाजूचाच. मेनूमध्ये बाहेरच्या बाजूचे शब्द घाला: पुस्तक शोधा, वेळ आणि पत्ता, सभासद व्हा, अभ्यासिका, बालविभाग. पाच-सहा पुरे. एखादा विषय कुठल्या नावाखाली घालायचा यावर कार्यकारिणीत वाद झाला, तर विषय चिठ्ठ्यांवर लिहा आणि चार सभासदांना त्यांचे गठ्ठे करायला सांगा. 'दिवाळी अंक' मी 'नियतकालिके' या गठ्ठ्यात धरले होते. चौघांनीही ते 'वर्गणी' शेजारी ठेवले, कारण त्यांच्या लेखी ती वेगळे पैसे भरायची योजना होती.

पायरी २: नाव कुणाच्या मालकीचं?

ही पायरी छोटी आहे, पण चुकली तर पुढचं सगळं पाण्यात. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर घ्या. आमचं जुनं डोमेन ज्याने बनवून दिलं त्याच्या खात्यावर होतं. तो गाव सोडून गेला, नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिली आणि एके दिवशी वाचनालयाच्या पत्त्यावर ऑनलाइन रमीची जाहिरात दिसू लागली. संस्थेच्या पत्रावर तो पत्ता छापलेला, पत्रं दोन रिमं शिल्लक.

डोमेनचा पासवर्ड, होस्टिंगचा (साइट जिथे साठवली जाते त्या जागेचा) पासवर्ड आणि नूतनीकरणाची तारीख एका कागदावर लिहून तो कागद मान्यतेच्या प्रमाणपत्राच्या फायलीत ठेवा. पत्ता https ने सुरू होईल असं सुरक्षा प्रमाणपत्र बसवा, ते मोफत मिळतं.

पायरी ३: मोबाइलचा पहिला पडदा

लोक साइट मोबाइलवर बघतात, तेव्हा रचनाही आधी मोबाइलचीच करा. बोटाने वर न सरकवता जेवढं दिसतं त्यात तीन गोष्टी बसल्या पाहिजेत: आजची वेळ, पुस्तक शोधायची चौकट आणि फोनचं बटण. वेळेच्या जागी आमच्याकडे आता एवढंच आहे:

आज मंगळवार. वाचनालय उघडे आहे.
देवघेव: सकाळी ८ ते ११.३०, संध्याकाळी ४.३० ते ८
अभ्यासिका: सकाळी ७ ते रात्री १०
सोमवारी देवघेव बंद, अभ्यासिका चालू

शेवटच्या ओळीने फोन सगळ्यांत जास्त कमी केले. आधी 'साप्ताहिक सुट्टी: सोमवार' असं होतं आणि स्पर्धा परीक्षेची मुलं सोमवारी अभ्यासिकाही बंद समजून घरी बसायची. प्रत्येक विभागाची वेळ वेगळी असेल तर ती वेगळीच लिहा. दुपारी बंद असतं हे वेगळं सांगायला नको असं आपल्याला वाटतं, पण पंधरा किलोमीटरवरून एसटीने येणाऱ्याला ते सांगावं लागतं.

फोन नंबर असा जोडा की त्यावर बोट ठेवताच फोन लागेल. गुगल मॅप्सवर वाचनालयाची नोंद असेल तर तिथली वेळही हीच ठेवा. बरेच लोक साइटपर्यंत येतच नाहीत, नकाशावरची वेळ बघून निघतात.

सरकणारे फोटो काढून टाका, आपोआप वाजणारं संगीत तर नक्कीच. सत्काराचे फोटो कार्यक्रमांच्या पानावर जाऊ द्यात. इथे कार्यकारिणीत थोडी नाराजी होईल, ती सोसा. मी एक तडजोड केली: मुखपृष्ठावर एकच फोटो, वाचनालयाच्या दाराचा, रस्त्यावरून दिसतो तसा. नवा माणूस इमारत ओळखतो आणि फोटोत कुणीच नसल्याने कुणी रुसतही नाही.

पायरी ४: अक्षर

जुन्या साइटवरचा मजकूर बहुतेक वेळा स्मरणिकेच्या डीटीपीतून आलेला असतो. तो जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, तर दिसतो मराठी पण आत असतात रोमन खुणा. गुगलला तो सापडत नाही, कॉपी करून चिकटवला तर कचरा होतो आणि स्क्रीन रीडर (ज्यांना दिसत नाही त्यांना पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) तो इंग्रजी अक्षरांची खिचडी म्हणून वाचतो. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात, पण बदलल्यावर डोळ्यांखालून घालाच. रफार, 'श्र', 'क्ष' आणि चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' हमखास बिघडतात. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, एवढा फरक त्या एका 'र'वर असतो.

पानाच्या कोडमध्ये सुरुवातीलाच पानाची भाषा सांगायची जागा असते. तिथे मराठीची खूण 'mr' (एमआर) घाला. तयार साचा वापरला की तिथे इंग्रजीची खूण तशीच राहून जाते. ती राहिली तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली करू शकतो, आणि मग अक्षरं गाळली जातात किंवा भलतंच काही ऐकू येतं. हिंदीची खूण असेल तर मराठी हिंदीच्या उच्चारांनी कानावर पडतं. या खुणेचा एक दिसणारा फायदाही आहे: काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणं असतात, भाषा मराठी सांगितली की मराठी वळण उमटतं.

इंग्रजीसाठी ठरवलेली मापं देवनागरीला आखूड पडतात. वर वेलांटी नि मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळींमधलं अंतर अक्षराच्या मापाच्या किमान दीडपट तरी हवं, पावणेदोनपट असेल तर उत्तम. अक्षर सोळा पिक्सेलपेक्षा लहान नको. मी अठरा ठेवलंय, कारण आमचे निम्मे सभासद चष्मा डोक्यावर सरकवून मोबाइल लांब धरतात. दोन अक्षरांतलं अंतर वाढवायची सोय डिझायनर मंडळींना फार आवडते. देवनागरीत तिने शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ती शून्यावर ठेवा. दोन्ही कडा सरळ करायचा मोहही मोबाइलवर आवरा, लांब मराठी शब्दांमुळे ओळीत भगदाडं पडतात.

दुव्यांखाली रेघ हवीच, नुसता रंग बदलून भागत नाही. पण नेहमीच्या जागी मारलेली रेघ उकार कापत जाते, 'पुस्तक' आणि 'मूल्य' वाचताना डोळा अडखळतो. रेघ थोडी खाली सरकवायची सोय आता ब्राउझरमध्ये आहे, ती वापरा.

आता रंग. सुलभतेची जी जागतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखली जाणारी, त्यांच्या मधल्या म्हणजे 'एए' पातळीवर साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १ इतका उठाव लागतो, मोठ्या अक्षरांना ३ ला १. आपल्या संस्थांचा आवडता भगवा, तिरंग्याच्या चित्रांत दिसतो त्या छटेचा, पांढऱ्यावर लिहिला तर हा आकडा २.१ च्या आसपास येतो, म्हणजे साफ नापास. त्याच भगव्यावर काळी अक्षरं लिहिली तर साडेनऊच्या पुढे जातो. भगवा सोडायची गरज नाही, अक्षरांना देऊ नका, पट्टीला द्या. उठाव मोजणारी मोफत साधनं आहेत, दोन रंगांचे क्रमांक घातले की आकडा मिळतो.

पायरी ५: शोध, म्हणजे खरी मेहनत

बाकी सगळं आठवड्याभरात होतं. शोधाला मला पूर्ण उन्हाळा लागला आणि अजून तो संपलेला नाही.

आधी प्रणाली, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर. छोट्या वाचनालयांपुढे ठळक पर्याय दोन: राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय आणि मुक्त स्रोत असलेलं कोहा. कोहा न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय न्यासाने करून घेतलं, २००० सालच्या सुरुवातीला ते तिथे चालू झालं. माओरी भाषेत त्या शब्दाचा अर्थ भेट. कुठलंही घ्या, आधी आपली दाखल नोंदवही त्यात गेली पाहिजे. आणि तिथेच मराठीचे खाचखळगे सुरू होतात.

पहिला खळगा जुन्या लेखनाचा. आपली अनेक वाचनालयं एकोणिसाव्या शतकातली आहेत, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. तेवढी जुनी नसली तरी १९६२ च्या आधीची पुस्तकं सगळ्यांकडे असतात. मराठी साहित्य महामंडळाच्या त्या वर्षीच्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या शीर्षकांत 'कांहीं', 'नाहीं', 'घरें' असं असतं. आज शोधणारा 'काही' टाइप करतो आणि पडदा सांगतो, एकही पुस्तक नाही. पुस्तक तिसऱ्या कपाटात.

दुसरा खळगा डोळ्यांना दिसतच नाही. 'ॲ' हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं: एकसंध 'ॲ', किंवा 'अ' वर चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही जुळी भावंडं, संगणकाला मात्र दोन परकी माणसं. आमच्याकडे 'ॲटलास' शोधला की दोन मिळायचे, आणि 'अॅ' करून शोधला की वेगळेच तीन. हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले. आणि ते लक्षात आलं कारण बालविभागातल्या मदतनीस बाई माझ्या फोनवरून शोधत होत्या, स्वतःच्या नाही. अर्ध्या 'र'मध्ये आणि जोडाक्षरांत लपलेल्या अदृश्य जोड-खुणाही असाच घोळ घालतात.

तिसरा नावांचा. कविता कुसुमाग्रज या नावाने, नाटकं वि. वा. शिरवाडकर या नावाने, माणूस एकच. शिवाय 'वि. वा.', 'वि.वा.' आणि 'वि वा' हे संगणकाच्या लेखी तीन वेगळे लेखक.

चौथा खळगा लोकांच्या बोटांत आहे. निम्मे लोक रोमन लिपीत टाइप करतात, तेही मनाला येईल तसं.

यावर जे केलं ते असं:

• पुस्तकावर शीर्षक जसं छापलंय तसंच मुख्य रकान्यात ठेवलं, कारण ती त्या पुस्तकाची ओळख. आजच्या लेखनातलं रूप आणि रोमन रूप पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात घातलं. कोहा ज्या मार्क पद्धतीवर (ग्रंथनोंदींच्या ठरावीक रकान्यांची पद्धत) चालतं तिच्यात हा रकाना २४६ क्रमांकाचा.
• लेखकाची एकच अधिकृत नोंद केली. टोपणनाव, पूर्ण नाव, आद्याक्षरांचे प्रकार हे सगळं त्या नोंदीच्या ४०० क्रमांकाच्या रकान्यात. कोहात ही पर्यायी नावं शोधात धरायची एक सेटिंग आहे, ती चालू करावी लागते. टोपणनावाने आणि खऱ्या नावाने, दोन्हींनी पुस्तकं असतील तर दोन नोंदी ठेवून त्या एकमेकींना जोडता येतात.
• नोंदी भरण्याआधी एक्सेलमध्येच 'अॅ' चे 'ॲ' केले, आद्याक्षरांनंतर टिंब आणि एक मोकळी जागा असा नियम ठरवला, अदृश्य खुणा एकसारख्या केल्या. हा नियम छापून संगणकाशेजारी चिकटवला.
• कोहाच्या झेब्रा शोधयंत्रात अनुक्रमणी आयसीयू पद्धतीने, म्हणजे युनिकोड अक्षरं नीट ओळखणाऱ्या पद्धतीने, करून घेतली. देवनागरीसाठी हे गरजेचं आहे, आणि बसवून देणारा विसरतो, म्हणून विचारून खात्री करा.

हे सगळ्या पुस्तकांना एकदम करू नका, पाठ मोडेल. देवघेवीत जी सारखी फिरतात ती आधी घ्या.

यादी अकारविल्हे लावताना आणखी एक गंमत होते. युनिकोडच्या नुसत्या क्रमाने 'ळ' हा 'ल' नंतर येतो, 'क्ष' हा 'क' मध्ये आणि 'ज्ञ' हा 'ज' मध्ये जाऊन बसतो. मराठी वाचक 'ज्ञ' शेवटी शोधतो. मराठी वर्णक्रम निवडायची सोय असेल तर निवडा. नसेल तर लांबलचक याद्या दाखवायच्याच नाहीत, शोध पुढे करायचा.

उत्तरात तीन गोष्टी ठळक हव्यात: पुस्तक आत आहे की बाहेर, बाहेर असेल तर परत कधी येणं अपेक्षित आहे, आणि आत असेल तर कुठल्या कपाटात. 'उपलब्ध' हिरव्यात आणि 'बाहेर' लाल रंगात दाखवत असाल तर शब्दही लिहा. ज्यांना हिरवा आणि लाल वेगळा दिसत नाही अशी माणसं तुमच्या सभासदांत आहेतच. आणि काहीच सापडलं नाही तर 'नो रिझल्ट्स' वर वाचकाला सोडून देऊ नका. 'लेखकाचं फक्त आडनाव टाकून बघा, किंवा फोन करा, आम्ही कपाटात बघून सांगतो' एवढं लिहा. न सापडलेल्या शब्दांची यादी दर आठवड्याला काढा. पुढची दुरुस्ती कुठे करायची ते तीच सांगते.

पायरी ६: डोळे मिटून ऐका

आमचे एक जुने सभासद निवृत्त शिक्षक आहेत. दृष्टी जवळजवळ गेली आहे, पण मोबाइलवर टॉकबॅक (फोनमधला स्क्रीन रीडर) लावून रोजचं वर्तमानपत्र ऐकतात. नवी साइट झाली म्हणून मी ऐटीत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बोट उजवीकडे सरकवत सरकवत पान ऐकलं.

"सर, काय ऐकू येतंय?"

"चित्र. मग आकडेच आकडे. मग येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा. अरे, कुठेकुठे क्लिक करू?"

चित्र होतं ते सुट्टीच्या सूचनेचं. ग्रंथपालबाईंनी सूचना सुंदर फुलांच्या चौकटीत टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवलेली, मी ती तशीच साइटवर चढवली होती. डोळसांना सूचना, सरांना फायलीचा क्रमांक.

तेव्हापासूनचा क्रम असा आहे. सूचना नेहमी मजकूर म्हणून टाकायची, फुलांची चौकट व्हॉट्सॲपपुरती. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर द्यायचा, पण विचार करून. दाराच्या फोटोला 'बाजारपेठेच्या रस्त्यावरून दिसणारं वाचनालयाचं दार, डावीकडे उतार' असं वर्णन. पुस्तकाच्या मुखपृष्ठाच्या चित्राशेजारी शीर्षक लिहिलेलंच असेल तर पर्यायी मजकूर मुद्दाम रिकामा ठेवायचा, नाहीतर प्रत्येक नाव दोनदा ऐकावं लागतं. दुव्याचं नाव एकटं वाचलं तरी कळायला हवं: 'येथे क्लिक करा' नाही, 'सभासदत्वाचा अर्ज उतरवून घ्या'.

मथळे नुसते ठळक करून भागत नाही, ते मथळा म्हणून नोंदवावे लागतात. एनव्हीडीए हा संगणकावरचा मोफत स्क्रीन रीडर; त्यात 'एच' ची कळ दाबली की ऐकणारा एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी मारतो, आपण पान चाळतो तसं. मथळे नोंदवलेले नसतील तर त्याला पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सगळं ऐकत बसावं लागतं. शिवाय पानाच्या अगदी सुरुवातीला 'थेट मजकुराकडे' असा दुवा ठेवा, म्हणजे प्रत्येक पानावर मेनूची जपमाळ ऐकावी लागत नाही.

पुढची परीक्षा घरच्या घरी होते. संगणकाचा माउस काढून ठेवा आणि फक्त टॅब व एंटर या कळांनी पुस्तक शोधून त्याला नंबर लावून दाखवा. आपण कुठल्या बटणावर आहोत हे चौकटीने दिसत राहिलं पाहिजे. ती चौकट कुरूप दिसते म्हणून डिझायनर काढून टाकतात, परत लावायला सांगा. मग ब्राउझरमध्ये पान दोनशे टक्के मोठं करा. अक्षरं एकमेकांवर चढली किंवा आडवं सरकवावं लागलं तर रचना सैल करा. बटणांचं मापही बघा. डब्ल्यूसीएजीच्या ऑक्टोबर २०२३ मधल्या २.२ आवृत्तीत बोटाने दाबायच्या जागेचं किमान माप २४ पिक्सेल आहे. हात थरथरणाऱ्या आजोबांना ते कमी पडतं, मी ४४ धरतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत आणि माहिती सुलभ रूपात मिळण्याचा हक्कही. कार्यकारिणीत कुणी 'एवढ्या एकदोघांसाठी कशाला' म्हणालं तर कायदा दाखवता येतो. पण त्याहून सोपं म्हणजे सभासदांच्या यादीतली जन्मवर्षं वाचून दाखवायची. बैठकीतल्या निम्म्यांना मोठं अक्षर स्वतःलाच हवं असतं.

इमारतीबद्दल खरं लिहा, हेही सुलभतेतच येतं. 'देवघेव पहिल्या मजल्यावर, १८ पायऱ्या, कठडा उजव्या हाताला, लिफ्ट नाही. खालून फोन करा, पुस्तक खाली आणून देऊ.' हे लिहायला आम्हाला संकोच वाटत होता. लिहिल्यानंतर गुडघे दुखतात म्हणून येणं सोडलेल्या दोन आजी परत आल्या.

छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांसाठी सुगम्य पुस्तकालय हे २०१६ साली सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय आहे. त्याचा दुवा आणि तिथे नोंदणीला लागणाऱ्या कागदांची माहिती साइटवर ठेवा.

पायरी ७: अर्ज आणि खाजगी माहिती

अर्जात जितकं कमी विचाराल तितकं बरं. रकान्याचं नाव रकान्याबाहेर, वर लिहा. आत फिकट अक्षरांत लिहिलेलं नाव टाइप करायला लागताच पुसलं जातं आणि माणूस गोंधळतो. चूक झाली तर 'इनव्हॅलिड' असं ओरडू नका, 'मोबाइल क्रमांक दहा आकडी हवा, एक आकडा कमी आहे' असं सांगा. वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावणारं कोडं टाळा, सरांसारख्यांना तिथे दार बंदच होतं.

थकबाकीदारांची यादी नाव-पत्त्यासह साइटवर चढवायची सूचना दर वार्षिक सभेत येते. करू नका. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालाय, आणि कायदा नसता तरी गावात तोंड दाखवायचं असतं. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांची संमती घ्यायची. बालविभागाच्या स्पर्धेचे फोटो टाकतानाही हा विचार करा.

पायरी ८: स्कॅन केलेली पुस्तकं

जुनी दुर्मीळ पुस्तकं साइटवर ठेवायची हौस प्रत्येक वाचनालयाला असते, आणि ती चांगली आहे. आधी स्वामित्वहक्क बघा: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो, मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून. भाषांतर असेल तर मूळ लेखक आणि भाषांतरकार दोघांचंही बघायचं. नुसती पानांची छायाचित्रं जोडून केलेली पीडीएफ शोधाला नि स्क्रीन रीडरला मुकी असते. टेसरॅक्ट हे अक्षरओळखीचं मोफत साधन मराठी वाचतं, जुन्या खिळ्यांच्या छपाईत चुका करतं, पण निदान शब्द सापडतो. फायलीच्या दुव्यात तिचं वजन लिहा: 'पीडीएफ, ४८ एमबी'. डोंगराच्या आड रेंज शोधणाऱ्याला ते आधी कळलेलं बरं. नियमावली, वर्गणीचे दर, सुट्ट्या मात्र पीडीएफमध्ये ठेवूच नका, साध्या पानावर लिहा.

पायरी ९: चार माणसं, पाच कामं

साइट लोकांपुढे आणण्याआधी चार-पाच सभासद निवडा: एक आजोबा, एक अभ्यासिकेतली मुलगी, एक गृहिणी, एक स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती. त्यांच्याच फोनवर त्यांना कामं द्या. येत्या सोमवारी अभ्यासिका चालू आहे का ते बघा. अमुक लेखकाचं आत असलेलं एक पुस्तक शोधा. वर्गणी किती ते सांगा. बाहेर गेलेल्या पुस्तकाला नंबर लावा. चढायला किती पायऱ्या आहेत ते शोधा.

तुम्ही शेजारी बसायचं आणि गप्प राहायचं. हे फार अवघड आहे. आजोबा चौथ्यांदा चुकीचं बटण दाबत असताना हात आपोआप पुढे जातो. मी शेवटी हातावर बसलो. आमच्या आजोबांनी शोधाच्या चौकटीत पूर्ण वाक्य लिहिलं: 'शिवाजी महाराजांवर काही चांगलं आहे का'. हसू आलं, पण ग्रंथपालबाईंना तर ते रोज असंच विचारतात. चौकटीवर 'लेखकाचं किंवा पुस्तकाचं नाव' असं स्पष्ट लिहिलं, आणि खाली बाईंनी निवडलेल्या विषयवार छोट्या याद्या जोडल्या. शोधापेक्षा त्या याद्याच जास्त उघडल्या जातात असं आता दिसतंय.

पायरी १०: रोजची झाडलोट

साइट मी बांधली तरी ती ग्रंथपालबाईंच्या हातात असायला हवी होती. सुट्टीची सूचना त्या स्वतः, स्वतःच्या फोनवरून, दोन मिनिटांत टाकू शकल्या नाहीत तर टाकणार नाहीत. म्हणून सूचनेचा साचा एवढाच ठेवला: काय, कधीपासून, कधीपर्यंत. 'कधीपर्यंत' ची तारीख उलटली की सूचना आपोआप उतरते. जुन्या साइटवर 'दिवाळीनिमित्त वाचनालय बंद राहील' ही ओळ संक्रांतीपर्यंत लटकलेली असायची.

महिन्यातून एकदा बाई आणि मी बसतो: न सापडलेले शब्द बघतो, तुटलेले दुवे बघतो, वेळेची ओळ गुगल मॅप्सशी ताडून पाहतो. काउंटरवरची वही अजून तिथेच आहे. गेल्या महिन्यात तिच्यात नवा प्रश्न आला, अभ्यासिकेत मोबाइल चार्ज करता येतो का. संध्याकाळपर्यंत उत्तर साइटवर होतं: हो, खिडकीकडच्या रांगेत, चार्जर आपला आणा.